ऊस तोडणाऱ्या मजुरांची किडनी का निकामी होते? जगभरातल्या संशोधनात काय सापडलं, वाचा सविस्तर

निकाराग्वा हा मध्य अमेरिकेतला छोटा देश. त्याच्या पश्चिमेला चिनानदेगा जिल्ह्यात चिचिगाल्पा नावाचं गाव आहे. गावाला लागून मोठा साखर कारखाना आणि नजर जाईल तिथपर्यंत ऊस. या गावाजवळच्या ला इस्ला वस्तीला तिथले लोक 'विधवांचं बेट' म्हणतात. कारण घराघरातले कर्ते पुरुष तिशी-चाळिशीत किडनीच्या आजाराने गेले. बहुतेक सगळे ऊसतोड मजूर.

तिथल्या बोलीत या आजाराचं नावच 'क्रिएटिनिना' पडलंय. 'त्याला क्रिएटिनिना झाली' असं म्हटलं की पुढचं सांगायची गरज राहत नाही. रक्ताच्या तपासणीतल्या एका आकड्याचं नाव गावाच्या तोंडी आजाराचं नाव म्हणून बसावं, यावरूनच तिथे काय झालं असेल याचा अंदाज येतो.

ऊस आपल्याकडेही आहे, कोयता आपल्याकडेही आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी भागातून लाखो मजूर टोळ्या करून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यामुळे चिचिगाल्पात काय झालं आणि शास्त्रज्ञांना त्यातून काय सापडलं, हे आपल्यालाही माहीत असलेलं बरं.

साखर नाही, बीपी नाही, मग किडनी कशी गेली?

किडनी निकामी व्हायची दोन कारणं सगळ्यांना माहीत आहेत. शुगर आणि बीपी. जगातले किडनीचे बहुतेक रुग्ण याच दोन कारणांचे असतात आणि साधारण उतारवयात सापडतात.

एल साल्वादोर हा निकाराग्वाच्या जवळचाच देश. त्याच्या राजधानीतल्या रोसालेस रुग्णालयात डॉक्टरांनी डायलिसिसला येणाऱ्या नव्या रुग्णांची नोंद ठेवली आणि 2002 साली ती छापली. 205 रुग्णांपैकी जवळपास दोनतृतीयांश रुग्णांना शुगर, बीपी किंवा दुसरं कुठलंच ओळखीचं कारण नव्हतं. त्यातले बरेच जण किनाऱ्याकडच्या भागातले, शेतीत राबणारे पुरुष होते.

नंतर निकाराग्वा, कोस्टा रिका, ग्वाटेमाला इथूनही अशाच बातम्या येऊ लागल्या. अमेरिका खंडाच्या आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे 1997 ते 2013 या काळात मध्य अमेरिकेत किडनी निकामी होऊन 60 हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यातली 41 टक्के साठीच्या आतली होती. आता या आजाराला 'मेसोअमेरिकन नेफ्रोपॅथी' म्हणतात. कारण न सापडलेला किडनीचा जुनाट आजार म्हणून 'सीकेडीयू' असंही म्हणतात.

हा आजार गुपचूप येतो. सुरुवातीला पायावर सूज नाही, लघवीला फेस नाही, बीपीही वाढलेला नसतो. शुगरमुळे किडनी बिघडते तेव्हा लघवीतून प्रथिनं जातात आणि साध्या पट्टीच्या तपासणीत ते कळतं. इथे पट्टी बऱ्याचदा ठीकच दिसते. किडनीचा तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं की रक्त गाळणाऱ्या गाळण्यांपेक्षा त्यांच्या पुढच्या बारीक नळ्या आणि नळ्यांमधली जागा जास्त खराब झालेली आहे. तिथे व्रण धरले आहेत. माणसाला त्रास जाणवेपर्यंत निम्म्याहून जास्त किडनी गेलेली असते.

तक्रार थेट जागतिक बँकेपर्यंत गेली

2006 साली जागतिक बँकेच्या गटातल्या एका वित्तसंस्थेने चिचिगाल्पाच्या साखर कंपनीला 5 कोटी 50 लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं. आजारी पडलेले जुने मजूर आणि मेलेल्या मजुरांच्या बायका एकत्र आल्या, संघटना बांधली आणि 2008 साली बँकेच्याच तक्रार कक्षाकडे गेल्या. आमची माणसं का मरतायत ते आधी शोधा, ही त्यांची मागणी होती.

दोन्ही बाजूंना बसवून बोलणी झाली आणि अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठाकडे अभ्यास सोपवण्यात आला. म्हणजे जगातलं हे मोठं संशोधन सुरू झालं ते शास्त्रज्ञांच्या डोक्यातून कमी आणि विधवांच्या तक्रारीतून जास्त, असं म्हटलं तरी चालेल.

बोस्टनच्या लोकांनी सोपी पण हुशारीची पद्धत वापरली. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या कामांवरचे मजूर घेतले. ऊस तोडणारे, बेणं तोडणारे, पाणी देणारे, फवारणीवाले, ड्रायव्हर, कारखान्याच्या आत काम करणारे. हंगामाच्या आधी सगळ्यांचं रक्त तपासलं आणि हंगाम संपता संपता पुन्हा तपासलं. गाव तेच, पाणी तेच, खाणं जवळपास तेच. फरक फक्त कामाचा.

बेणं तोडणारे, पाणी देणारे आणि ऊस तोडणारे यांची किडनी गाळायची ताकद कारखान्यातल्या कामगारांपेक्षा जास्त घसरली होती, आणि तीही एका हंगामात. क्षार घातलेलं पाणी प्यायलेल्या तोडणी मजुरांमध्ये घसरण कमी दिसली. शेतात उन्हात काय काम करता यावर किडनीचं नुकसान अवलंबून आहे, हे यातून पहिल्यांदा नीट समोर आलं.

एल साल्वादोरमध्ये दुसरी तुलना झाली. किनाऱ्याजवळच्या उष्ण पट्ट्यातल्या ऊस-कापसाच्या गावांत पुरुषांमध्ये किडनी खराब असण्याचं प्रमाण जास्त निघालं. समुद्रसपाटीपासून 500 मीटर उंचीवरच्या उसाच्या गावात आणि डोंगरातल्या कॉफीच्या गावात ते कमी होतं.

उन्हात अंगमेहनत केल्यावर किडनीत काय होतं

कष्टाचं काम करताना अंगातच उष्णता तयार होते. बाहेरही ऊन असलं की ती बाहेर पडायला जागा राहत नाही. शरीर घाम काढतं. घामावाटे पाणी आणि मीठ जातं, रक्त दाट होतं, आणि शरीर उरलेलं रक्त कातडीकडे आणि राबणाऱ्या स्नायूंकडे वळवतं. किडनीच्या वाट्याला रक्त कमी येतं. त्याच वेळी तिला पाणी वाचवायचं असतं म्हणून लघवी घट्ट, पिवळीधमक होते. स्नायू ताणून झिजतात, त्यातून युरिक अॅसिड वाढतं आणि तेही किडनीतूनच जायचं असतं.

एखाद्या दिवशी असं झालं तर किडनी सावरते. पण रोज, सहा-सहा महिने, वर्षामागून वर्ष असंच झालं तर बारीक बारीक जखमांचे व्रण होतात आणि व्रण झालेली जागा पुन्हा काम करत नाही. बैलाच्या खांद्यावर जू घासून आधी लाल होतं, मग गाठ धरते, तसाच हा प्रकार. फक्त खांदा दिसतो, किडनी दिसत नाही.

हे ऊसतोडीपुरतंच नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात नर्सरी आणि भाजीपाल्याच्या शेतावर काम करणाऱ्या 192 मजुरांची कामाच्या आधी आणि नंतर तपासणी झाली. त्यातल्या एकतृतीयांश मजुरांच्या किडनीला तपासणीच्या निदान एका दिवशी इजा झालेली सापडली. खाडीच्या देशांत बांधकामावर गेलेली नेपाळची तरुण पोरंही किडनी घालवून परत येतायत, असं तिथले डॉक्टर सांगतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2024 च्या अहवालात अंदाज दिला की कामाच्या जागच्या उष्णतेशी जोडलेला किडनीचा जुनाट आजार घेऊन जगणारी माणसं जगात 2 कोटी 62 लाख आहेत.

उक्तं काम आणि किडनी

आपल्या मजुरांनी नीट ध्यानात घ्यावा असा एक अभ्यास अमेरिकेतल्याच कॅलिफोर्निया राज्यातला आहे. तिथे 2014 च्या उन्हाळ्यात 295 शेतमजुरांचं रक्त सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर तपासलं. एका दिवसाच्या कामात 35 जणांच्या किडनीला इजा झाली होती. मग कुणाला झाली, कुणाला नाही, याची फोड केली. उक्तं काम करणारे, म्हणजे जेवढा माल काढला तेवढेच पैसे मिळणारे मजूर, त्यांना रोजंदारीवाल्यांपेक्षा हा धोका चौपटीहून जास्त निघाला. बायकांमध्ये हा फरक आणखी मोठा होता.

कारण साधं आहे. तासावर पैसे असले की माणूस पाणी प्यायला थांबतो. टनावर पैसे असले की प्रत्येक घोट आणि प्रत्येक मिनिट खिशातून जातं.

आपल्याकडची ऊसतोड सगळी टनावर चालते. त्यात आधी घेतलेली उचल फेडायची असते. दोघा नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि ही जोडी दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते, साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. फडाजवळ संडास नाही, आडोसा नाही, म्हणून बाया मुद्दाम पाणी कमी पितात. लघवीचं इन्फेक्शन आणि अंगावर काढलेली दुखणी तिथूनच सुरू होतात. ऊसतोड बायकांच्या आरोग्याची चर्चा झाली ती 2019 साली, तीही बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या बायकांची संख्या बाहेर आल्यावर. सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. किडनीवर एवढी बोंब अजून झालेली नाही.

फरकही सांगायला हवा. मध्य अमेरिकेत ऊस पेटवून मग तोडतात. आपल्याकडे हिरवा ऊस तोडतात आणि जळीत उसाला कारखाना कपात लावतो. आपला हंगाम थंडीत सुरू होतो, मजूर पहाटे अंधारात फडात उतरतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढतं, त्यात लांबलेला हंगाम एप्रिलपर्यंत जातो. काळजीचे दिवस ते.

ऊस पेटवायची पद्धत कशी आली, तीही ऐकण्यासारखी गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात 1934 साली क्वीन्सलँडमध्ये ऊसतोड मजुरांत लेप्टोची साथ आली. आपल्या कोकणात भातशेतीत होतो तोच हा आजार, उंदरांच्या मुतातून पसरणारा. मजुरांनी संप करून मागणी केली की तोडायच्या आधी फड पेटवा, म्हणजे उंदीर पळतील. मजुरांच्या जिवासाठी सुरू झालेल्या या जाळण्यातून जो धूर आणि राख निघते, त्यातल्या बारीक कणांचा किडनीशी काही संबंध आहे का, हे आता शास्त्रज्ञ तपासतायत.

औषधं, पाणी की ऊन? वाद अजून मिटलेला नाही

सगळा दोष उन्हाचा, असं म्हणून मोकळं होता येत नाही. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, अनुराधापुराच्या बाजूला, 1990 च्या दशकापासून भातशेतकऱ्यांमध्ये असाच आजार आहे. तिथे संशय आहे तो विहिरीच्या जड पाण्यावर, फ्लोराईडवर, कॅडमियम आणि आर्सेनिकवर, तणनाशकावर. श्रीलंकेने 2015 साली ग्लायफोसेटवर बंदी घातली आणि 2018 साली चहा-रबरासाठी ती सैल केली. पण आजाराचं एकच एक कारण अजून पक्कं झालेलं नाही.

आपल्या देशात आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम नावाचा पट्टा आहे. नारळ-काजूच्या बागांचा, दिसायला हिरवागार. कविटी, सोमपेटा, इच्छापुरम या भागात घरटी किडनीचा रुग्ण सापडेल अशी गावं आहेत. तिथे सरकारने 2023 साली पलासा इथे 200 खाटांचं किडनी रुग्णालय आणि संशोधन केंद्र सुरू केलं आणि नदीचं पाणी गावांना पुरवायची योजना आणली.

निकाराग्वातच आणखी एक कोड्यात टाकणारी गोष्ट सापडली. 12 ते 18 वयाच्या, अजून फडात न गेलेल्या शाळकरी मुलांची लघवी तपासली तर ज्या भागात हा आजार जास्त, तिथल्या मुलांच्या लघवीत किडनीला इजा झाल्याच्या खुणा जास्त होत्या. म्हणजे लहानपणापासूनच काहीतरी सुरू असावं. पाणी असेल, लहान वयातलं उन्हातलं काम असेल, जन्माआधीचं काही असेल.

आज बहुतेक संशोधक मानतात की उन्हातली अतिमेहनत हे मोठं कारण आहे आणि त्यात भर घालणाऱ्या गोष्टी जागोजागी वेगळ्या आहेत. फवारणीचं औषध किडनीचं एकमेव कारण ठरलं नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाही, हेही इथेच सांगून ठेवलेलं बरं. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

सावली, पाणी, विसावा – आणि टन वाढले

कारण पूर्ण कळेपर्यंत थांबायचं का, या प्रश्नावर एल साल्वादोरमधल्या एका साखर कारखान्याने नाही असं ठरवलं. 2014-15 च्या हंगामात त्यांनी फडात हलवता येणारे तंबू नेले, मजुरांना पाठीवर बांधायच्या पाण्याच्या पिशव्या दिल्या, ठरावीक वेळाने विसावा ठेवला आणि कमी ताकद लागेल असा वेगळ्या घडणीचा कोयता दिला.

सगळ्यांना भीती होती की विसाव्यात वेळ गेला तर टन कमी भरतील. झालं उलटं. मजुरामागे दिवसाला 5.1 टन ऊस तुटत होता, तो 7.3 टनांपर्यंत गेला. मजुरांचं पाणी पिणं साधारण चौथाईने वाढलं, उष्णतेच्या त्रासाच्या तक्रारी कमी झाल्या. अभ्यास लहान होता, एका हंगामाचा होता, आणि कोयताही बदलला होता, म्हणून सगळं श्रेय विसाव्याला देता येणार नाही. पण विसावा दिला की धंदा बुडतो, ही समजूत मात्र त्याने मोडली.

पुढे चिचिगाल्पाच्याच कारखान्यात 2017-18 च्या हंगामापासून असा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या हंगामात ऊस तोडणाऱ्या चार मजुरांमागे साधारण एकाच्या किडनीला हंगामात इजा झाल्याचं आढळलं होतं. विसावा वाढवल्यावर आणि पाण्या-क्षाराची सोय सुधारल्यावर पुढच्या हंगामात हे प्रमाण बरंच खाली आलं. कोस्टा रिकाने तर 2015 सालीच उन्हात काम करणाऱ्यांसाठी सरकारी नियम काढला.

याची दुसरी बाजू कडू आहे. निकाराग्वात हंगामाआधी मजुरांचं रक्त तपासायची पद्धत पडली. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं की काम नाही. उपाशी राहण्यापेक्षा मरण बरं म्हणत अनेक आजारी मजूर ठेकेदारामार्फत, दुसऱ्याच्या नावावर पुन्हा फडात गेले. तपासणी करायची आणि पर्यायी काम द्यायचं नाही, तर मजूर तपासणीच टाळणार. आपल्याकडे कधी अशी तपासणी सुरू झाली, तर हा मुद्दा आधी धरायला हवा.

कोयत्यावर जाणाऱ्यांनी काय करावं

जायच्या आधी आणि हंगामावरून परत आल्यावर एकदा रक्तातलं सिरम क्रिएटिनिन तपासून घ्यावं. ग्रामीण रुग्णालयात विचारावं. पुरुषांत साधारण 0.7 ते 1.3 आणि बायकांत 0.6 ते 1.1 हा ठीक आकडा धरतात, लॅबप्रमाणे थोडा फरक असतो. वय घालून 'ईजीएफआर' काढतात. तो 60 च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर किडनीचा जुनाट आजार समजतात. जड कामाच्या दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नये, पुन्हा तपासावं. दोन्ही रिपोर्ट जपून ठेवावेत, कारण खरी माहिती दोन आकड्यांतल्या फरकात असते.

पाणी तहान लागायची वाट न बघता प्यावं. उन्हात दर 15 ते 20 मिनिटांनी एक पेला, असं अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्था सांगतात. एकदम तांब्याभर ढोसून उपयोग नाही, आणि तासाला दीड लिटरपेक्षा जास्तही पिऊ नये, अंगातलं मीठ फार पातळ होतं. घाम फार गेला तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पुडीवर लिहिल्याप्रमाणे. बीपी किंवा किडनीचा त्रास आधीच असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. थंड बाटलीतली गोड पेयं तहानेवर उपाय नाहीत. तहानलेल्या उंदरांना पाण्याऐवजी तसं गोड पेय देऊन पाहिलं तर त्यांच्या किडनीचं नुकसान वाढलं होतं.

सगळ्यात मोठी काळजी अंगदुखीच्या गोळीची. कंबर धरली, हात भरून आले की संध्याकाळी डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन किंवा दुकानातली मिळेल ती गोळी घ्यायची सवय फडावर सर्रास आहे. चिचिगाल्पातही तशीच होती. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. रोज गोळी लागत असेल तर डॉक्टरला दाखवावं, दंडात इंजेक्शन घेऊन पुन्हा फडात जाऊ नये.

लघवी चहासारखी किंवा गडद झाली, लघवीला जळजळ होतेय, पायात गोळे येतायत, उलटी-चक्कर येतेय, तर त्या दिवशी काम थांबवावं. निकाराग्वात मजूर या जळजळीला क्षुल्लक समजून वर्षानुवर्षं औषधांची दुकानं फिरत राहिले. अंग तापलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर उष्माघात समजून सावलीत नेऊन अंगावर पाणी टाकावं आणि 108 ला फोन करावा.

टोळीत आठ-दहा कोयते असतील तर पाण्याचा ड्रम फडाच्या मध्यावर ठेवायला आणि दुपारी एका ताडपत्रीची सावली करायला मुकादमाला सांगता येतं. करार करतानाच, उचलीची बोलणी चालू असताना हे मागावं. फडात उतरल्यावर कुणी ऐकत नाही.

ज्यांची किडनी आधीच निकामी झाली आहे, अशा दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळतं. हा कार्यक्रम 2016 पासून चालू आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत.